पाण्याला झालेली कावीळ

पोहण्याच्या क्लबातल्या लांबट सभागृहात पडद्यावर पिवळंधमक पाणी दिसायला लागलं, तेव्हा घाईताईने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. फिल्म तिनेच एडिट केली होती. पोरं सूर मारत होती, पोहण्याचे मास्तर काठावरून शिट्टी फुंकत होते, गाणं वेळेवर सुरू झालं होतं. सगळं जागच्या जागी होतं. फक्त तलावात पाण्याऐवजी कुणी वरण ओतल्यासारखं दिसत होतं. पालकांमध्ये कुजबुज सुरू झाली.

"पाण्याला कावीळ झालीय," शेजारच्या खुर्चीवरून कुणीतरी हळूच म्हणालं.

तिने वळून बघितलं. एक तरुण बसला होता. खांद्यावर ओला टॉवेल, मांडीवर ओल्या केसांची भाची आणि चेहरा असा गंभीर की जणू खरोखरच रोग्याच्या उशाशी बसलाय. तो हसला असता तर तिला रागावता तरी आलं असतं.

"मग औषध आहे का तुमच्याकडे?" तिने फणकाऱ्याने विचारलं.

"आहे ना. पण आधी सांगा, पेशंट कुणाच्या संगतीत होता? एखाद्या लग्नाच्या फिल्मच्या?"

घाईताईचा आ वासलेलाच राहिला. आदल्याच दिवशी त्याच मशीनवर तिने एका लग्नाच्या फिल्मला छान सोनेरी, उबदार रंग चढवला होता. या ओल्या टॉवेलवाल्याला हे कसं कळलं? ती "अजिबात नाही" म्हणाली आणि तिचे कान लाल झाले. त्याने एकदा त्या कानांकडे बघितलं, आणि मग अगदी सज्जनपणे पुन्हा पडद्याकडे बघायला लागला.

घाईताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते आत्याने ठेवलेलं. आत्या म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचा तिचा स्टुडिओ होता. आत्या शूटिंग करायची, गिऱ्हाइकांशी बोलायची, आणि मिळालेल्या कामाची फिल्म भाची बनवायची. कॉलेज संपल्यावर वडिलांनी लेकीला इथे धाडलं ते "आत्याच्या हाताखाली जरा वळण लागेल" म्हणून. वळण आत्याला लागलं. भाचीने काही हातात घेतलं की आपण आधी लांब सरकायचं, हे ती शिकली.

पोरीचा हात कामात वाईट नव्हता. कुठे कापावं, कुठे क्षणभर थांबावं, हे तिला उपजत कळायचं. घोळ व्हायचा तो सेटिंगचा. रंग, आवाज, नावांची अक्षरं, यातलं काहीही बदललं की मशीन नम्रपणे एक चौकट दाखवून विचारायचं: हा बदल फक्त याच प्रोजेक्टला करायचा, की सगळ्या प्रोजेक्टना? 'सगळ्या' हे बटण मोठं होतं आणि नेमकं बोटाखाली यायचं. घाईताईने ती चौकट आजवर एकदाही पुरती वाचली नव्हती. त्यामुळे लग्नातलं सोनं वाहत वाहत तलावात जायचं, आणि एका गंभीर प्राध्यापकांच्या भाषणावर गुलाबी वेलबुट्टीची अक्षरं उमटायची.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत पोचली तर तोच तरुण तिच्या खुर्चीवर बसून मशीनकडे टक लावून बघत होता. आज टॉवेल नव्हता.

"मास्तरांनी यांचा नंबर दिला. एडिटिंगची मशीनं लावून देतात," आत्या म्हणाली. "आपल्या सगळ्या प्रोजेक्टची तब्येत बघायला आलेत. हसू नकोस. तुझ्यामुळेच आलेत."

आत्याने सगळं आधीच ठरवून टाकलं होतं. लग्नं, भाषणं, जाहिराती, क्लबाच्या फिल्म, प्रत्येक प्रकाराला त्याची त्याची सेटिंग लावून द्यायची, एकाचा वारा दुसऱ्याला लागता कामा नये. ही घडी नीट बसली की त्याचं काम संपलं. पुढे दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या स्टुडिओने त्याला बोलावलं होतं. इथून मोकळा झाला की तो तिकडे जाणार होता.

"मग लवकर मोकळे व्हा, वैद्यबुवा," घाईताई म्हणाली, आणि तेच नाव त्याला चिकटलं.

"ते तुमच्यावर आहे, संपादिकाबाई," तो म्हणाला.

काम सुरू झालं. वैद्यबुवा फार बोलका नव्हता, पण सेटिंगचा विषय निघाला की त्याची गाडी थांबायची नाही. प्रत्येक प्रोजेक्ट उघडून तो आधी नुसता बघत बसायचा, मग कुठला रंग कुठून आलाय ते एकेक करून सांगायचा. तिची शिकवणी वेगळीच होती. ती चौकट पडद्यावर आली रे आली की तो माऊसवर आपला तळहात ठेवायचा, म्हणजे तिला घाईने बटण दाबता येऊ नये.

"वाचलंत?"

"वाचलं."

"काय लिहिलंय?"

"लिहिलंय की… वैद्यबुवांनी हात उचलावा."

"पुन्हा वाचा."

ती पुन्हा वाचायची. म्हणजे डोळे चौकटीवर ठेवायची आणि त्याच्या बोटांवरचा शाईचा डाग बघायची. खालून सायकलच्या रबराचा आणि तेलाचा वास यायचा, खिडकीबाहेर पत्र्यावर पाऊस ताशा बडवायचा, आणि तो हात काही उचलला जायचा नाही. वाचून झाल्यावरही थोडा वेळ तसाच राहायचा. का राहतो, असा प्रश्न तिला पडायचा. उत्तर सापडायच्या आत हात उचललेला असायचा, आणि मग वाटायचं, आपल्यालाच भास झाला.

एकूणच त्या दिवसांत तिला कशाचाच पत्ता लागेनासा झाला. तो तिच्यासाठी खिडकीजवळची खुर्ची सोडायचा, पण आत्यासाठीही सोडायचा. चहात तिला साखर कमी लागते हे त्याने न विचारता ओळखलं. मात्र खालचा सायकलवाला बिनसाखरेचा चहा घेतो हेही त्याला ठाऊक होतं. आता याला काय समजायचं? एकदा तिचे केस खुर्चीच्या स्क्रूत अडकले तेव्हा त्याने ते इतक्या हलक्या हाताने सोडवले की एकही केस तुटला नाही. नंतर तो म्हणाला, "हा स्क्रू बदलायला हवा." तिने तो स्क्रू दिवसभर शत्रूसारखा बघितला.

हळूहळू घडी बसत गेली. पाणी निळं झालं, लग्न सोनेरी राहिलं, प्राध्यापकांची अक्षरं काळी आणि ताठ उभी राहिली. घाईताई चौकट वाचून बटण दाबायला शिकली. सबंध आठवडा एकही घोळ झाला नाही, आणि आत्या समाधानाने म्हणाली, "चला, आता वैद्यबुवांना निरोप द्यायला हरकत नाही. येत्या सोमवारपर्यंत सगळं आवरेल."

"हो," तो म्हणाला.

"बरं झालं," ती म्हणाली.

त्यानंतर ती जेवायला बसली तर डबा तसाच उघडा राहिला. आईने दिलेली भाजी तिच्या आवडीची होती. काम नीट झालं, आत्या खूश होती, मग आपल्याला जेवण का नको झालंय? आणि तो नुसता "हो" का म्हणाला? माणसाने एवढ्या सहज "हो" म्हणावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. तलावाचं प्रोजेक्ट उघडून तिने रंगात लग्नाचा पिवळा ओतला. चौकट आली. तिने ती सावकाश, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच समजून उमजून, 'सगळ्या' वर बोट दाबलं.

वैद्यबुवा आला, पडद्याकडे बघून चक्रावला. "पुन्हा कावीळ?"

"काय माहीत," ती म्हणाली. "मूळ रोगच चिवट दिसतोय."

सोमवार पुढे ढकलला गेला. तिच्या जिवात जीव आला. पण त्याच दुपारी एक चमत्कारिक गोष्ट घडली. प्राध्यापकांच्या भाषणाचा आवाज गेला. आवाजाला तर तिने हातही लावला नव्हता. दोन दिवसांनी सगळ्या फिल्मवरची अक्षरं फुगून भिंतीवरच्या जाहिरातीएवढी झाली. तीही तिने केली नव्हती. तिने फक्त रंग बिघडवला होता. तेवढं पाप तिच्या पदरात होतं आणि ते तिने स्वतःशी कबूलही केलं होतं. मग हे बाकीचं कोण करतंय? आपण घाईत काही दाबलं आणि विसरलो? की एकदा मुद्दाम खोटं केलं की मशीनलाही तीच सवय लागते?

"तुम्हाला काय वाटतं?" तिने त्याला विचारलं.

सेटिंगवर तासभर बोलू शकणारा वैद्यबुवा आज जमिनीकडे बघत म्हणाला, "असं… होतं कधी कधी."

हे काय उत्तर झालं? तिचा गोंधळ दुप्पट झाला. त्या आठवड्यात ती रंग बिघडवायची आणि तो दुरुस्त करायचा. आवाज आपोआप जायचा आणि दुपारनंतर आपोआप परत यायचा. आत्या एकदा कपाळाला हात लावून म्हणाली की यात कुणाचा तरी हात आहे. चोराच्या मनात चांदणं, घाईताईचा चहा सांडला. नवल म्हणजे त्याच वेळी वैद्यबुवाच्या हातून पेन पडलं. पण ती चहा पुसण्यात इतकी गुंतली होती की याचं नवल करायचं राहून गेलं.

मग आजी-आजोबांची फिल्म आली. आजोबा चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, आजी अवघ्या गल्लीच्या लाडक्या. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. मुलांनी जुने फोटो दिले होते, आणि शेवटी आजोबांचं दोन मिनिटांचं बोलणं होतं. ते आत्याने त्यांच्या घरी जाऊन शूट केलेलं. आजोबांनी आजींना आधी दुकानात पिटाळलं होतं, खोलीचं दार लावून घेतलं होतं आणि मगच कॅमेऱ्यासमोर तोंड उघडलं होतं. एडिट करताना घाईताईने ते बोलणं किती वेळा ऐकलं असेल, आणि दर वेळी नाक पुसलं होतं. ही फिल्म तिने जीव ओतून केली. तयार झालेली फाइल आत्याच्या हातात देईपर्यंत तिने मशीनमध्ये काहीही बिघडवलं नाही.

फाइल दिल्यावर मात्र तिची जुनी खोड जागी झाली. आत्याने पुन्हा निरोपाचा विषय काढला होता. या वेळी शुक्रवार ठरला होता. तिने क्लबाचं प्रोजेक्ट उघडलं, पाण्याचा निळा आणखी गडद केला, आणि सगळीकडे लावून टाकला. उद्या तो दुरुस्त करेल, तेवढाच एक दिवस.

तिला काय ठाऊक की सकाळी आजींच्या मुलाचा फोन येईल, नवजात पणतीचा फोटोही घालायचाय म्हणून? आत्याने तो स्वतःच घातला, फिल्म पुन्हा बनवली, आणि गडबडीत न बघताच घेऊन निघाली. भाचीला सांगितलं ते समारंभाच्या हॉलच्या दारात.

पडद्यावर आजी नवरी होऊन आल्या, निळ्या. आजोबा निळे, मुलं निळी, पणती तर गडद जांभळी. आजोबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "रंग जरा सढळ हाताने लावलाय." लोक हसले. घाईताईला वाटलं, धरणी दुभंगावी. पण अजून शेवट बाकी होता. निळे आजोबा पडद्यावर आले, त्यांनी घसा साफ केला, ओठ हलायला लागले… आणि आवाजच आला नाही.

आवाज? आवाज तर तिने घालवला नव्हता. तिने गोंधळून वैद्यबुवाकडे बघितलं. प्रोजेक्टर लावायला आलेला तो भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पडद्यावरचे आजोबा मुक्याने बोलत राहिले. आजींनी खुर्चीतून वाकून विचारलं, "काय हो म्हणताय तुम्ही?"

"ते…" आजोबा उठले. मुलाने त्यांना बसवायला बघितलं, त्यांनी त्याचा हात बाजूला केला. "कॅमेऱ्याला सांगितलं होतं. म्हटलं, तो सांगेल तुला. तो तर मुका निघाला. आता मलाच सांगावं लागणार."

कुणीतरी पडदा बंद केला.

"मला वाटलं होतं, सहा महिन्यांत हिला कळेल की नवरा कंटाळवाणा आहे," आजोबा म्हणाले. "तुला ते कळलंही असेल. तरी तू थांबलीस. का थांबलीस, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं तर तू विचार करायला लागशील, अशी भीती वाटायची. आज विचारतो. का थांबलीस?"

आजींनी पदराने डोळे टिपले. "तुम्ही विचाराल म्हणून," त्या म्हणाल्या.

सगळा हॉल एकदम हसला आणि त्यातल्या निम्म्यांनी डोळे पुसले. घाईताईला मात्र बसवेना. आजोबांचं भागलं म्हणून तिचं पाप धुतलं जात नव्हतं. ती आत्याला हाताला धरून बाहेर, रचून ठेवलेल्या खुर्च्यांपाशी घेऊन गेली. मागोमाग वैद्यबुवाही आला.

"आत्या, रंग मी बिघडवला. मुद्दाम."

"आणि आवाज मी," तो त्याच श्वासात म्हणाला. "मुद्दाम."

दोघांनी वळून एकमेकांकडे बघितलं.

"तुम्ही?"

"तुम्ही?"

आत्याने आळीपाळीने दोघांकडे बघितलं. "आणि ती फुगलेली अक्षरं?"

"तीही मीच," तो पुटपुटला.

"माझं नाक कापलंत दोघांनी मिळून," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "आज त्या म्हाताऱ्याने सावरलं. तो उठला नसता तर? उद्या सकाळी दोघं या माझ्यासमोर."

घाईताईला त्या रात्री झोप लागली की नाही, कोण जाणे. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तिने घोळ घातला तो त्याने जाऊ नये म्हणून. मग त्याने का घातला? सोपं उत्तर समोर उभं होतं, पण सोप्या उत्तरावर झटकन बोट ठेवून ती आजवर इतक्यांदा तोंडघशी पडली होती की आता तिचा धीरच होईना.

सकाळी आत्या टेबलामागे बसली. तिने पहिला निकाल दिला तो फिल्मचा: ती दोघांनी मिळून पुन्हा बनवायची, आणि स्वतः घरी जाऊन आजी-आजोबांना दाखवायची. मग तिने चष्मा काढला.

"आता दुसरं. काम संपू नये म्हणून काम बिघडवायचं, हे आजपासून बंद. माझं दुकान आहे, तुमचं निमित्त नाही. तुमचं काम संपलं, वैद्यबुवा. जायचं असेल तर आजच जा. थांबायचं असेल तर कारण सांगून थांबा."

"कारण…" तो आत्याकडे बघून म्हणाला. "म्हणजे… कारण असं की…"

"मला काय सांगतोस? मी कॅमेरा आहे?"

तो वळला. सेटिंगबद्दल न अडखळता बोलणारा तो माणूस आता एकेक शब्द चाचपडत शोधत होता. खाली सायकलवाला चाकात हवा भरत होता, आणि पंपाचा आवाज वर स्पष्ट येत होता.

"संपादिकाबाई," तो म्हणाला. मग मान हलवून त्याने पुन्हा सुरुवात केली. "मला थांबायचंय. कामासाठी नाही. तुझ्यासाठी. क्लबात तू खोटं बोललीस आणि तुझे कान लाल झाले ना… तेव्हापासून. पहिल्या आठवड्यातच काम संपवता आलं असतं मला. मी रोज थोडं उरवून ठेवत होतो."

सगळं समोर आलं होतं. खुर्ची, चहा, न उचललेला हात. इतके दिवसांचा गुंता एका टोकाने सुटला, आणि तिला हसूही आलं, रडूही आलं. एरवी वाक्य संपायच्या आत उत्तर देणाऱ्या घाईताईने आज घाई केली नाही. त्याचा प्रत्येक शब्द तिने पुन्हा मनात म्हणून बघितला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तो बिचारा तिच्या कानांकडे बघत होता.

"मोठ्या स्टुडिओचं काय?" तिने विचारलं.

"नाही म्हणून कळवतो."

"नीट विचार केलास? घाईत नाही ना?"

"घाई तुझी. मी सावकाश माणूस आहे."

तिने टेबलावर हात ठेवला. या वेळी तिचा हात खाली होता, आणि त्याचा अलगद त्यावर आला.

"थांब," ती म्हणाली.

आत्याने खिडकीकडे तोंड करून चष्मा उगाचच दोनदा पुसला, मग चढवला, आणि ती म्हणाली, "बरं. आता आधी त्या पोराबाळांचा निळा उतरवा. पणती तरी गोरीगोमटी दिसू दे."